एका तासाच्या व्याख्यानात किती कायदे बसतात?

प्रश्न असा आला आहे: "बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदाच्या व्याख्यानमालेत मला 'मुक्त सॉफ्टवेअर, वापरकर्त्याचं स्वातंत्र्य आणि बौद्धिक संपदा कायदा' हा विषय दिला आहे. मी शाळेत संगणक शिकवते, वकील नाही. समोर बँकेतून आणि रिफायनरीतून निवृत्त झालेली मंडळी, शिक्षिका आणि थोडी कॉलेजची मुलं असतील. एका तासात कुठून सुरुवात करू, कायदा किती सांगू, आणि 'मग प्रोग्रामरने खायचं काय?' असं कोणी विचारलं तर काय सांगू?"

ताई, विषयात तीन गोष्टी आहेत म्हणून बहुतेक वक्ते तासाचेही तीन वाटे करतात. आधी सॉफ्टवेअर, मग स्वातंत्र्य, शेवटी कायदा. कायद्यापर्यंत पोचेतो मागच्या रांगेत चपला चाचपणं सुरू झालेलं असतं. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मंडळांपासून कॉलेजांपर्यंत मी या विषयावर बरीच वर्षं बोलत आलो आहे, आणि मला क्रम उलटा हवासा वाटतो. कायदा आधी. मात्र तो पुस्तकातला नको, त्या क्षणी सभागृहात हजर असलेला हवा.

उभ्या राहिलात की पहिलाच प्रश्न विचारा: कोपऱ्यातले काका मोबाइलवर रेकॉर्डिंग करताहेत, मी आत्ता जे बोलते आहे ते कोणाच्या मालकीचं? उत्तरं भराभर येतात. मंडळाचं, कारण बोलावलं मंडळाने. काकांचं, कारण मोबाइल त्यांचा. कोणाचंच नाही, कारण बोलणं हवेत विरून जातं. मग १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ (सीसी) सांगा. जाहीर भाषणाच्या हक्काचा पहिला मालक भाषण करणारा. तो दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलत असेल तर तो दुसरा. कार्यक्रम ज्याने ठरवला किंवा ज्याच्या जागेत झाला त्याच्याकडे वक्ता नोकरीला असला तरी हेच लागू. म्हणजे तुमच्या शाळेने स्वतःच्या सभागृहात तुम्हाला बोलायला उभं केलं, तरी तुम्ही शाळेच्या वतीने बोलत नसाल तर भाषण तुमचंच.

पुढची गंमत कलम २ मधली आहे. कायद्याने 'कलावंत' कोणाला म्हणायचं याची यादी दिली आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखी करणारा, गारुडी, आणि त्याच दमात व्याख्यान देणारी व्यक्ती. गारुड्याच्या शेजारी पाट मांडल्याचं ऐकून सभागृह हसतं. हसू ओसरायच्या आत सांगा की या व्याख्येमुळे वक्त्याला भाषणाच्या रेकॉर्डिंगवर वेगळा हक्क मिळतो आणि तो ५० वर्षं टिकतो. काकांनी स्वतः घरी ऐकायला केलेलं रेकॉर्डिंग चालतं, निव्वळ शिकवण्यासाठी केलेलंही चालतं. ते लोकांसाठी नेटवर चढवायचं असेल तर तुमची परवानगी लागते.

मग बोट फिरवत जा. चित्रीकरण ही स्वतंत्र कृती, त्यावर हक्क निर्मात्याचा, म्हणजे बहुधा मंडळाचा. दारावरच्या पोस्टरचं चित्र काढणाऱ्याचा हक्क वेगळा. बॅनरवरचं बोधचिन्ह मंडळाने नोंदवलं असेल तर तो १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचा प्रांत. प्रोजेक्टरच्या आतल्या यंत्रणेवर पेटंटं असू शकतात. व्यासपीठावरची खुर्ची संखेड्याची असेल तर उत्तमच, कारण संखेड्याच्या लाखकामाच्या फर्निचरला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे माल त्याच गावचा असल्याची कायदेशीर ओळख, मिळालेला आहे. आणि कार्यक्रमानंतरच्या भाकरवडीच्या मसाल्याचं गुपित? त्यासाठी भारतात वेगळा कायदाच नाही. व्यापारी गुपितं करारावर आणि विश्वासभंगाच्या दाव्यांवर राखली जातात.

एवढं सगळं दहा मिनिटांत होतं, आणि तुमचा मुख्य मुद्दा श्रोत्यांच्या तोंडूनच बाहेर पडतो: हे कायदे एकमेकांसारखे नाहीत. कॉपीराइट लिहिल्या क्षणी आपोआप लागतो आणि लेखक गेल्यावर ६० वर्षं चालतो. पेटंटसाठी अर्ज करावा लागतो, शोध उघड करावा लागतो, आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांत हक्क संपतो. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करत गेलं तर कधीच संपत नाही. भौगोलिक निर्देशांक एका माणसाचा नसतोच, तो त्या प्रदेशातल्या उत्पादकांचा. हेतूही निराळे: एक कृतीची नक्कल थांबवतो, दुसरा कल्पनेचा वापर थांबवतो, तिसरा गिऱ्हाइकाची फसवणूक थांबवतो. 'बौद्धिक संपदा' म्हणत सगळ्यांची एकच मोट बांधली की पुढच्या चर्चेत एकजण पेटंटबद्दल बोलत असतो, दुसरा कॉपीराइटबद्दल उत्तर देत असतो, आणि दोघेही तावातावाने. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन हा शब्दप्रयोगच टाळायला सांगतात. तुम्ही टाळलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही, विषयाच्या नावातच तो बसला आहे. पण प्रत्येक वाक्यात कुठला कायदा, ते सांगायची सवय लावून घ्या.

आपल्या मराठी सभांमध्ये हळदीचा विषय हमखास निघतो. त्याची तयारी ठेवा. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे, टाळ्या पडतात. तुमच्या विषयाशी मात्र तिचा संबंध बेताचाच. ते पेटंट होतं, आणि मुद्दा होता 'हे आधीपासून माहीत होतं' हे लेखी पुराव्याने दाखवण्याचा. सॉफ्टवेअरचं बरंचसं भांडण कॉपीराइटच्या घरात चालतं. हळद निघाली की दोन वाक्यांत तिचा मान राखा आणि परत या, नाहीतर पंधरा मिनिटं तिथेच जातात.

आता सॉफ्टवेअर. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. १९८४ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येत आला. वाङ्मयप्रेमी श्रोत्यांना हे ऐकून मौज वाटते, तिचा उपयोग करून घ्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन कोणीही छापू शकतो. बडोद्याचे राजकवी यशवंत १९८५ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कविता २०४५ च्या अखेरीपर्यंत वारसांच्या. हाच हिशेब प्रोग्रामला लावून दाखवा. १९९० साली एखाद्या तरुणाने लिहिलेल्या प्रोग्रामवरचा हक्क संपेल तेव्हा तो चालवू शकणारं एकही यंत्र शिल्लक नसेल. कवितेला कदाचित शोभेल अशी मुदत प्रोग्रामला दिली आहे. ही मुदत आधी ५० वर्षं होती, हेही सांगा. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क १९९१ संपताना सुटणार होता. वर्ष सरता सरता अध्यादेश निघाला, १९९२ मध्ये कायदा झाला आणि सगळ्यांचीच मुदत ६० झाली. कायदा म्हणजे निसर्गनियम नव्हे, माणसं तो बदलतात, हे श्रोत्यांना एवढ्या एका गोष्टीतून कळतं. त्यावर वेगळं भाष्य करू नका.

पेटंटच्या बाजूला भारतात थोडी वेगळी परिस्थिती आहे आणि तिथे वक्ते घाईने चुकीचं बोलून जातात. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) प्रमाणे गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्राम हे शोध धरले जात नाहीत. २००४ च्या डिसेंबरात एक अध्यादेश आला. उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरबरोबरची जोडणी असेल तर प्रोग्रामला पेटंट मिळावं, अशी खिडकी त्यात उघडली होती. देशात विरोध झाला, आणि २००५ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा ती खिडकी गाळली. पण 'निव्वळ' हा शब्द राहिला, आणि त्यावर आजवर वाद चालू आहेत. यंत्राच्या कामात खरोखर तांत्रिक परिणाम घडत असेल तर केवळ त्यात प्रोग्राम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये, या अंगाने दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला. तेव्हा 'भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही' असं ठोकून देऊ नका. श्रोत्यांत एखादा पेटंट एजंट निघतोच.

इथवर आलात की स्वातंत्र्याकडे वळा. ते सांगायला परदेशातली गोष्ट शोधू नका. स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतल्या, आतला प्रोग्राम मिळाला नाही म्हणून सुधारता न आलेल्या प्रिंटरची कहाणी सगळेच सांगतात. खरी आहे, पण आपल्या सभेत कोणाला त्या प्रिंटरचं सोयरसुतक नाही. तुमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका काढा.

प्रत्येक मराठी मंडळाकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकांच्या फायली सीडीवर असतात. त्यातली एक आजच्या लॅपटॉपवर उघडून पडद्यावर दाखवा. अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि टिंबांचा खच दिसेल. कारण समजावून सांगण्यासारखं आहे. युनिकोड या, सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत, पण छपाईच्या कामात ती पद्धत रुळायला फार वेळ लागला. तोवरचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवत. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजीच भरलेलं होतं, 'क' दिसायचा तो फक्त तो विशिष्ट फॉन्ट बसवलेला असेल तोवर. शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याची आकारांची मांडणी वेगळी, आणि ती जाहीर केलेली नसे. डीटीपीवाला दुकान बंद करून गेला, जुन्या विंडोजवर चालणारं ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर बसेना, किंवा कुलपासाठीची डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची छोटी किल्ली, हरवली, की मजकूर असूनही नसल्यासारखा.

इथे थांबून विचारा: लेख तुमचे, पैसे तुम्ही मोजलेत, चोरी कोणी केली नाही, कायदा कोणी मोडला नाही. मग तुमचंच लेखन तुम्हाला वाचता का येत नाही? या प्रश्नाला सभागृह जसं शांत होतं तसं कुठल्याच व्याख्येला होत नाही. प्रोग्रामवर कोणाचा ताबा आहे, हा सगळ्या विषयाचा गाभा. किंमत किती होती याचा इथे संबंधच आला नाही, म्हणून फुकट आणि मुक्त यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

यानंतर चार स्वातंत्र्यं सांगा, ती मग आपोआप जागेवर बसतात. प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं, तो कसा चालतो ते पाहून हवा तसा बदलण्याचं, प्रती वाटण्याचं, आणि बदललेल्या प्रती वाटण्याचं. दुसऱ्यासाठी आणि चौथ्यासाठी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, हाती असावा लागतो. स्मरणिकेच्या बाबतीत कुठलं स्वातंत्र्य नव्हतं, ते श्रोत्यांनाच विचारा. कोणी 'दुसरं' म्हणेल, कोणी 'दुसरं आणि चौथं'. 'मला स्वतःला कोड वाचता येत नाही, मला काय उपयोग?' असंही कोणी म्हणेल. त्याला सांगा की ज्याला येतं त्याला तुम्ही कामाला लावू शकता, आणि मूळ दुकान बंद झालं तरी दुसरा कोणी ते काम हाती घेऊ शकतो. जुन्या फॉन्टांमधून युनिकोडमध्ये मजकूर आणणारी बरीच साधनं अशीच, ज्यांना गरज होती त्यांनी लिहून वाटून टाकली.

इतिहास दोन मिनिटांत उरका. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ ला मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं, १९८९ मध्ये जीपीएल या लायसन्सची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलं. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आलं. त्या मंडळींचा भर स्वातंत्र्यापेक्षा कामाच्या पद्धतीवर होता. २००१ मध्ये तिरुअनंतपुरमला भारतातली फाउंडेशन सुरू झाली. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकतात, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेने सांगितलं तर जास्त पोचेल. यापुढे तारखा नकोत.

वेळ द्यायचा तो जीपीएलच्या युक्तीला. पुष्कळांना वाटतं की ही चळवळ कॉपीराइट झुगारून देते. प्रत्यक्षात जीपीएल कॉपीराइटच्याच पायावर उभं आहे. कायदा म्हणतो, मालकाच्या परवानगीशिवाय प्रत काढू नका, बदल वाटू नका. मालक म्हणतो, माझी परवानगी आहे, सगळ्यांना, एका अटीवर: तुम्ही बदललेलं वाटाल तेव्हा समोरच्यालाही सोर्स कोडसकट हेच हक्क द्या. अट मोडली की परवानगी गेली, आणि परवानगीशिवायची प्रत म्हणजे सरळ कॉपीराइटचा भंग. उद्या कॉपीराइट नाहीसा झाला तर ही अटही लटकी पडेल. निवृत्त बँकवाल्यांना हे पटकन उमजतं. कर्जाच्या कागदातल्या अटी वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. अशा अटी न्यायालयात टिकतात का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्येच जीपीएल मान्य केलं. अमेरिकेतल्या २००८ च्या जेकबसन विरुद्ध कॅटझर खटल्याचा विषय तर खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या प्रोग्रामचा होता. तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की फुकट वाटलेल्या प्रोग्रामच्याही लायसन्समधल्या अटी या अटीच असतात आणि त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. आगगाडीचा खटला म्हटल्यावर आजोबांबरोबर आलेली नातवंडंही मान वर करतात.

ट्रेडमार्क वेगळा कायदा आहे हे इथे पुन्हा एकदा दाखवता येतं. फायरफॉक्सचा कोड मुक्त, पण नाव आणि चिन्ह मोझिलाच्या मालकीचं. डेबियन या लिनक्स वितरणाने (लिनक्सवर आधारलेल्या तयार संचाने) स्वतःचे बदल करून तो ब्राउझर द्यायचा ठरवला तेव्हा नावावरून मतभेद झाले, आणि २००६ पासून दहा वर्षं तोच कार्यक्रम तिथे 'आइसवीझल' या नावाने नांदला. २०१६ मध्ये समझोता होऊन जुनं नाव परत आलं. कोड घ्या, नाव घेऊ नका. दोन कायदे, दोन उत्तरं.

आणि आता ज्या भागासाठी मी हे सगळं लांबण लावलं तो भाग. आपल्याकडचे वक्ते अमेरिकेतून आलेली मांडणी जशीच्या तशी सांगतात आणि भारतीय कायदा वापरणाऱ्याला आधीच काय देतो ते सांगायचं राहून जातं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काढा, त्यातली (एए) ते (एडी) ही पोटकलमं छापून वाटा. ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे तो ती ज्या कामासाठी घेतली त्यासाठी तिची प्रत काढू शकतो, त्यात फेरफार करू शकतो, आणि हरवण्या-बिघडण्यापासून राखायला बॅकअप ठेवू शकतो. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घ्यायला जी माहिती लागते आणि सहजी मिळत नाही, ती काढण्यासाठी लागणारी कृती करू शकतो. तो कसा चालतो याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करू शकतो. आणि स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्याव्यतिरिक्त, स्वतःच्या वापरासाठी प्रती किंवा फेरफार करू शकतो.

हे वाचून दाखवल्यावर लोक विचारतात, मग 'मी सहमत आहे' वर आपण जे बटण दाबतो त्यात तर हे सगळं करू नका असं लिहिलेलं असतं? इथे सावध बोला. लायसन्सचा करार कायद्याने दिलेली सूट कितपत काढून घेऊ शकतो, हा वकिलांचा प्रांत आहे, आणि व्यासपीठावरून कोणाच्या खटल्याचा सल्ला द्यायचा नसतो. पण एवढं नक्की सांगा: हा हक्क कागदावर असला तरी सोर्स कोड हाती नसेल तर अभ्यास आणि फेरफार दोन्ही अंधारात करावे लागतात. मुक्त सॉफ्टवेअर नेमकी ती उणीव भरून काढतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए सुद्धा सांगा. डिजिटल कुलूप तोडणं हा गुन्हा झाला, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडायला त्यात वाट ठेवली आहे. याबाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा समंजस आहे, आणि हे कौतुक आपण करायला हरकत नाही.

बडोद्यात बोलताय तर सयाजीरावांच्या ग्रंथालयांना विसरू नका, पण केवळ गौरव म्हणून नको. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना आणून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला सुरुवात केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. आजचा कायदाही अशा पेटीच्या आड येत नाही: एकदा विकत घेतलेली छापील प्रत वाचायला देण्यासाठी प्रकाशकाला विचारावं लागत नाही, कारण प्रतींच्या वितरणावरचा त्याचा हक्क आधीच बाजारात आलेल्या प्रतीला लागू होत नाही. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही हेच चालतं. आता तेच पुस्तक ई-बुक म्हणून घ्या. बहुतेक वेळा तुम्ही प्रत विकत घेतलेलीच नसते, वापरायचा परवाना घेतलेला असतो, आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. विक्रेत्याला त्या विकायचा हक्कच नव्हता असं कारण होतं, पैसेही परत दिले, पुढे कंपनीने माफीही मागितली. तरी मुद्दा उरतोच: पेटीतलं पुस्तक असं रातोरात पुसता आलं असतं का? ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माणसांना यापुढे 'वापरकर्त्याचं स्वातंत्र्य' समजावून सांगायची गरज पडत नाही.

इथवर चाळीस मिनिटं होतील. उरलेली वीस प्रश्नांना ठेवा, त्यांत कंजुषी नको.

'प्रोग्रामरने खायचं काय?' हा पहिला येईल. चार स्वातंत्र्यांत विकायला बंदी कुठेच नाही. १९८५ मध्ये स्टॉलमन स्वतः ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामची टेप १५० डॉलरला विकत. रेड हॅट या कंपनीचा सगळा धंदा मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीवर उभा राहिला, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. पण नुसत्या मोठ्या आकड्यावर भागवू नका, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याचा इंजिनिअर नातू असतो. त्याला सांगा की बडोद्यातल्या बहुतेक प्रोग्रामरांचं पोट आजही तयार डब्यातलं सॉफ्टवेअर विकून भरत नाही. कारखान्याला हवं तसं बसवून देणं, जुळवणं, दुरुस्त करणं, यावर भरतं. ते काम मुक्त सॉफ्टवेअरमध्येही तेवढंच असतं. ज्याचा धंदा केवळ प्रती विकण्याचा आहे त्याचं नुकसान होऊ शकतं, हेही मान्य करा. नाकारलंत तर बाकीचं बोलणं खोटं वाटेल.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो, किंवा येतच नाही: 'आमच्याकडे क्रॅक केलेलं (कुलूप तोडून फुकट मिळवलेलं) आहे, ते मुक्तच की!' नाही. कलम ६३बी प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे: सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. हे धमकीच्या सुरात सांगू नका. क्रॅक केलेल्या प्रतीत किंमत तेवढी टळते, ताबा कंपनीचाच राहतो, आणि क्रॅक करणाऱ्याने आत काय घुसवलं ते कोणालाच कळत नाही, हे सांगितलं की पुरतं.

तिसरा: 'सरकार का वापरत नाही?' २०१५ चं केंद्राचं धोरण आहे. सरकारी यंत्रणांनी ओपन सोर्सला पसंती द्यावी, आणि पुरवठादाराने ते वगळलं तर कारण द्यावं असं त्यात आहे. धोरण आणि कचेरीतलं टेबल यांच्यातलं अंतर तुमच्या श्रोत्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्यावर जास्त बोलू नका.

फोनबद्दल कॉलेजची मुलं विचारतील: अँड्रॉइडमध्ये लिनक्स आहे, मग फोन मुक्त का नाही? कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्याचा कोड कंपन्यांना द्यावा लागतो. पण पुष्कळ फोनांचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना आतली यंत्रणा चढवणारा प्रोग्राम, कुलूपबंद असतो, म्हणून कोड बदलता आला तरी तो तुमच्याच फोनवर चढवता येत नाही. शिवाय वरची बरीच अ‍ॅप्स बंदिस्त. या कुलपाच्या प्रश्नावरच २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, आणि लिनक्स कर्नलवाल्यांनी ती घेतली नाही. मुलांना हे भांडण आवडतं. बाकीच्यांना कंटाळा येण्याआधी थांबवा.

तयारीचं थोडं. सरकपट्ट्या (स्लाइड्स) लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करा आणि मराठीसाठी मुक्त लायसन्सचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' चांगला वाचला जातो. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे: वापरा, बदला, वाटा, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका. सरकपट्ट्या पीडीएफ करूनही बरोबर ठेवा, सभागृहाच्या संगणकावर भरवसा नको. रेकॉर्डिंग कुठल्या अटींवर वाटायचं ते मंडळाला आधी एका कागदावर लिहून द्या. मी क्रिएटिव्ह कॉमन्सचं श्रेय आणि समान-वाटप असलेलं लायसन्स देतो, म्हणजे कोणी गुजराती भाषांतर केलं तर तेही मोकळंच राहतं. स्टॉलमन मात्र आपल्या भाषणांना बदल न करण्याची अट घालतात. त्यांचं म्हणणं, प्रोग्राम हे कामाचं साधन आहे, तर भाषण हे एखाद्याचं मत, आणि मत बदलून त्याच्या नावावर खपवू नये. दोन्ही बाजू रास्त आहेत. तुम्ही ठरवा, पण ठरवून बोलायला जा.

शेवटचं, कोणी उत्साहाने 'आत्ताच माझ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्या' म्हणालं तर त्या संध्याकाळी मुळीच हात घालू नका. फोटो आणि बँकेची कागदपत्रं हार्ड डिस्कवर असतात आणि बॅकअप कोणाकडेच नसतो. पुढच्या रविवारची सकाळ ठरवा, बाहेरची हार्ड डिस्क घेऊन यायला सांगा, आधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून दाखवा, त्यांचा प्रिंटर आणि मराठी टायपिंग चालतंय का ते बघा, आणि नातवाला बरोबर आणायला सांगा. पुढे अडलं की फोन त्यालाच जाणार आहे.